एक दुपटं दोन गावं फिरते

पुनर्वसन वसाहत, ता. पवनी, जि. भंडारा
दि. १४ नोव्हेंबर २०२२

माझी लाडाची प्रतिक्षा,

सप्रेम जय भीम. आम्ही इकडं ठीक आहो. तूही दिघोरीले मावशीकडं ठीक असशील असं समजून लिहायला बसली.

तुले फोन नको, म्हणून कागद घेतला. ताराबाई मावशी सांगते, तिच्या फोनवर तुले बोलावलं की तू उठून अंगणात जातेस. असू दे. कागद काही वाजत नाही. मन झालं तर वाच, नाही तर उशीखाली ठेव.

इकडं खळ्यावर धानाचा चुरणा चालू आहे. तुझे बाबा दोन दिवस दुसऱ्याच्या वावरात जातात, बाकी दिवस धरणात. मासळी बरी येऊन राहिली. डोंगा मात्र आता जुन्या गावाच्या अंगानं नेत नाहीत, लांबून फिरून जातात. काहून, ते मी विचारलं नाही.

धंद्याचं सांगते. फोनवरचं आपलं पेज बंद केलं ते बंदच आहे. गिरजाबाई एकदा म्हणे, "अवं चंद्रकांता, दुसऱ्या नावानं उघडलं तर?" मी तिच्याकडं नुसतं पाह्यलं, तशी ती सुईत दोरा ओवायले लागली. पुण्या-नागपूरचे गिऱ्हाईक गेले, ते काही पत्ता विचारत आले नाहीत. बाळांची दुपटी शिवून शिवून मागच्या खोलीत थप्पी लागली. तुझ्या पलंगावरही ठेवली आहेत. तू आलीस की काढते.

आम्ही तिघी, मी, गिरजाबाई अन् जनाबाई, पवनीच्या बाजारात बसलो. एक बाई हातात घेऊन म्हणे, "जुन्या साड्यांची फडकी इकत कोण घेते वं? आमच्या घरी गठ्ठाभर आहेत." दिवसभरात एकही गेलं नाही. येताना गिरजाबाई रडली. जनाबाईनं तिचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं अन् म्हणे, "बाजारात लेकरं जन्मतात का? जिथं जन्मतात तिथं जाऊ."

मले ते पटलं. दुसऱ्या दिवशी रिता सिस्टरले भेटली. तिनं पवनीच्या दवाखान्यात आम्हाले बाळंतिणींच्या नातेवाईकांजवळ बसू देलं. एका आजीनं दुपटं गालाले लावून पाह्यलं, मग नातवाले गुंडाळलं. पोरगं रडत होतं, ते झोपलं. त्या दिवशी चार गेली. चार म्हणजे काहीच नाही, पण मी घरी येऊन पोटभर जेवली.

तू जेवतेस का? मावशी म्हणे, तू केस कापले. छान दिसत असतील.

तुझी आई


दि. २२ डिसेंबर २०२२

प्रिय प्रतिक्षा,

जय भीम. तुझं उत्तर आलं नाही, तरी मी लिहून राहिली. मावशीनं सांगतलं की पहिलं पत्र तू दोनदा वाचलं. एवढं मले पुरे.

थंडी कडक पडली. तुझा लाल स्वेटर बाबांच्या हाती पाठवते. ते येतील तेव्हा त्यांच्याशी दोन शब्द बोल. नाही बोलता आलं तर चहा करून दे. त्यांले समजते.

आता ऐक, आपला धंदा चालू झाला! अन् कसा, ते तुलेच सांगायचं होतं. पहिलटकरीण बाळंतपणाले माहेरी येते. आई तिले दुपटं घेऊन देते. सव्वा महिन्यानं ती बाळ घेऊन सासरी जाते, दुपटंही जाते. तिथं सासू, नणंदा, शेजारणी हात लावून पाहतात, "कुठून आणलं वं?" म्हणतात. एक दुपटं दोन गावं फिरते. पेजवर लोक फोटो पाहत होते. इथं हात लावतात, अन् हात लावला की सोडत नाहीत. अड्याळची एक बाई एसटीनं आली, "दुपटेवाल्या बाईचं घर कोणतं?" विचारत विचारत. डोमा काकाच्या दुकानापासून अख्खं लेकरांचं लटांबर तिच्यासंग आलं. मागच्या खोलीतली थप्पी सगळी संपली.

मग आम्ही एक केलं. दुपट्याच्या कोपऱ्यात धाग्यानं आपल्या गावाचं नाव काढून राहिलो. जुन्या गावाचं, पाण्याखालच्या. जनाबाई म्हणे, "ते गाव नकाशात नाही राह्यलं, लेकरांच्या अंगावर तरी राहू दे."

रिता सिस्टरनं भंडाऱ्याच्या एका डॉक्टरीण बाईले दाखवलं. तिचा स्वतःचा दवाखाना आहे. ती म्हणते, तिच्याकडं जन्मलेल्या प्रत्येक बाळाले आपलं दुपटं देईल. दर महिन्याले साठ पायजेत. संक्रांतीपर्यंत पहिली साठ. आम्ही तिघी त्या दिवशी वेड्यासारख्या हसलो.

पण आता काम होऊन नाही राहिलं. जनाबाई येत नाही. तिची तब्येत बरी नाही. म्हणजे बरी असेल, मले माहीत नाही. बारीक टाका फक्त तिचाच. माझा टाका डोळ्याले दिसते. गिरजाबाई दोरा ओढते तर कापड गोळा होते. माझी बोटं सुजली. रात्री अंधारातही टाके दिसतात.

प्रतिक्षा, तुले एक विचारायचं होतं. मागच्या पोळ्याच्या वेळी आपण फोटो काढले होते ना, तेव्हा...

जाऊ दे. आठवू नको. मी काही विचारलं नाही असं समज.

पांघरूण घेऊन झोप.

तुझी आई


दि. २ फेब्रुवारी २०२३

पोरी,

या पत्रात हालहवाल नाही. हे पत्र एकटी असशील तेव्हा वाचू नको. मावशीले जवळ बसव, मग वाच.

त्या दिवशी फोनवर ते चित्र आलं, तेव्हा मी ते नीट पाह्यलंच नव्हतं. तुझं तोंड अन् कोणाचं तरी उघडं अंग, एवढं दिसलं अन् मी फोन फेकला. माय कशी पाहील? तू म्हणलीस, कोणाले सांगू नका. आपण कोणालेच सांगतलं नाही, पेज बंद केलं, फोन पेटीत टाकला. तरी कॉलेजात पोहोचलंच. अन् मग तू जुन्या गावाच्या अंगानं पाण्यात गेलीस. बाबांचा डोंगा त्या दिवशी तिकडं नसता तर, हे मी आजवर तोंडानं म्हणलं नाही. आज लिहिते. नसता तर मी आज कोणाले लिहीत असती?

डिसेंबरात त्या डॉक्टरीण बाईले फोन लावायचा होता म्हणून पेटीतून फोन काढला. ते चित्र अजून त्यात होतं. या वेळी मी डोळे मिटले नाहीत. तुझ्या गळ्यापाशी दुपट्याचा काठ राहून गेला होता. हिरवा काठ. ते दुपटं मी ओळखलं, माझ्या हातचं आहे. ते आपण पेजवर टाकलंच नव्हतं, ते घेऊन तुझा फोटो काढला अन् त्याच दुपारी ते विकल्या गेलं. आपला फोन बंद पडला होता, म्हणून जनाबाईच्या अंगणात तो फोटो तिच्या पोरानं, गोलूनं, त्याच्या फोनात काढला होता. तो दुसऱ्या कोणाजवळ नव्हता.

मी जनाबाईच्या घरी गेली. ती भात निवडत होती.

"जना, तुझ्या गोलूनं केलं."

"काय केलं?"

मी फोन तिच्यापुढं धरला. तिनं काठ पाह्यला. तिलेही टाका ओळखता येते. पण म्हणे, "माझा पोरगा असा नाही. तुले कोणीतरी भरवलं."

दुसऱ्या दिवशीपासून ती आली नाही. मी तुले लिहिलं, तब्येत बरी नाही. काय लिहिणार होती? जुन्या गावी पाणी चढलं तेव्हा तू अकरा महिन्यांची होतीस. मी सामान काढत होती अन् तू दिवसभर तिच्या कमरेवर होतीस.

मग गावचे भोजराज पाटील घरी आले. तुझ्या बाबांसमोर बसून म्हणतात, "परसराम, पोराची चूक झाली असंल. पण हे ठाण्यात गेलं तर गावात दोन समाज समोरासमोर उभे राहतीन. तुझ्याच पोरीचं नाव चारचौघात येईन. मिटवून टाक." बाबा जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "पाटील, चहा घ्या अन् जा."

त्या रात्री जनाबाई आली. दारातच पाय धरले माझे. म्हणे, "चंद्रकांता, जिवंत आहो तोवर तुझी दुपटी शिवीन. एक पैसा घेणार नाही. साठ काय, शंभर शिवीन. त्याचं नाव नको घेऊ."

प्रतिक्षा, मी खरं सांगते. संक्रांत जवळ आली होती. साठातली बावीसच झाली होती. गिरजाबाईच्या घरच्यानं तिचं आमच्याकडं येणं बंद केलं होतं. मी तिच्या हाताकडं पाह्यलं अन् एका घडीसाठी माझ्या मनात आलं, हो म्हणावं. हे हात राह्यले तर धंदा राहते, धंदा राह्यला तर तुले पुन्हा कॉलेजात पाठवता येते. मग मनात आलं, तू तिच्या हातच्या त्या दुपट्यांमध्ये बसशील कशी? मी पाय सोडवून घेतले. दार लावलं. मग आतून कडीले धरून बसली. बाहेर ती रडत होती, आत मी.

संक्रांतीले डॉक्टरीण बाईले एकतीस दुपटी नेऊन देली. ती वाईट बोलली नाही. म्हणे, "ताई, मले नियमित लागतात." आता ती नागपूरची मशीनची घेते. तो रस्ता बंद झाला.

त्यानंतर आठेक दिवसांनी जनाबाई परत आली. पदरात गोलूचा फोन गुंडाळलेला. तिले उघडता येत नाही, तिनं तिच्या भाचीकडून उघडून घेतला. माझ्या हातात देऊन म्हणे, "तुझी एकटी नाही वं. अजून चार पोरी आहेत याच्यात. एक तर लहान आहे, फ्राकातली."

मग मले तुले विचारायले थांबता आलं नाही. रागाव माझ्यावर. पण त्या चौघींच्या मायांले माहीतही नव्हतं.

आम्ही तिघं ठाण्यात गेलो. बाबा, मी अन् जनाबाई. एसटीत ती माझ्या बाजूच्या सीटवर बसली नाही, मागं उभी राह्यली. ठाण्यातल्या मॅडमनं विचारलं, "फोन कोणाचा?" मी तोंड उघडायच्या आधी ती म्हणे, "माझ्या पोराचा. मी त्याची माय आहो. मीच आणला." मॅडमनं तिले बसायले खुर्ची देली, तर ती भुईवर बसली. गोलूले नेलं. तिच्या घरचा माणूस तिले घरात घेत नाही आता. ती भावाच्या छपरीत राहते. गावात बाया तिच्याशी बोलत नाहीत. माझ्याशीही फार बोलत नाहीत. भोजराज म्हणत होते तसं भांडण काही झालं नाही, पण दोन्हीकडून लोक आम्हा दोघींकडंच पाहून राहिले.

मॅडम म्हणतात, तुझा जबाब लागेल. त्या स्वतः साध्या कपड्यात मावशीच्या घरी येतील, मावशीसमोर विचारतील. तू नाही म्हणलीस तर मी त्यांले तसं सांगीन. त्यात माझी काही जबरदस्ती नाही. पण त्या फ्राकातल्या पोरीची माय मले भेटली. तिनं माझा हात धरला अन् बराच वेळ सोडला नाही. एवढंच तुले सांगते.

धंदा आता एवढाच आहे की मी एकटी पवनीच्या दवाखान्यात पायरीवर बसते. हप्त्याले आठ-दहा होतात. येत्या आठ तारखेले रुयाडच्या मेळ्यात जाईन. तिथं पाचपन्नास गावांच्या बाया येतात. हात लावतील. मले आता दुसरं काही येत नाही, अन् हे बंद केलं तर मी दिवसभर पाण्याकडं पाहत बसीन.

काल संध्याकाळी मी अंगणात कापड अंथरून बसली होती. जनाबाई आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली. म्हणे, "चंद्रकांता, एक सुई दे. मोबदला नको, माफीही मागत नाही. नुसती शिवीन. हातांले काय करू?"

मी तिले पाणी देलं. भात देला. सुई देली नाही. म्हणलं, "हे माझ्या हातात नाही, जना. ज्या पोरीचं झालं ते तिलेच विचारावं लागेल."

ती म्हणे, "विचार." अन् भात न खाता ताट धरून बसून राह्यली.

म्हणून विचारते. देऊ का तिले सुई? नको म्हणलीस तर कधीच देणार नाही, अन् पुन्हा विचारणारही नाही. हो म्हणलीस तर तेही तुझ्यावरचं ओझं समजू नको. मले तिच्याबद्दल काय वाटते ते मी लिहीत नाही, नाही तर तू माझ्यासाठी उत्तर देशील.

पत्र लिहवत नसेल तर मावशीच्या फोनवर नुसतं "हो" नाही तर "नाही" म्हण. तुझा आवाज ऐकून लय दिवस झाले.

तुझ्या एका शब्दावर थांबलेली,
आई