बाबांनी घासलेल्या बाटल्या

९ फेब्रुवारी
धक्क्याजवळचा गाळ आमच्या प्रयोगशाळेत आला एकदाचा! काळाकुट्ट, नाक धरायला लावणारा. पद्धत साधी — गाळ पाण्यात घुसळायचा, खाली बसू द्यायचा आणि वरच्या पाण्यात टाचणीच्या टोकाएवढ्या पाणपिसवा सोडायच्या. दोन दिवस जगल्या तर गाळ उपसायला परवानगी. मेल्या तर त्याला हात लावायचा नाही. ढवळला तर त्यातलं विष खालच्या अख्ख्या गावाच्या नळात जाणार.

आणि त्याच गाळात बाबांची बोट रुतून बसलीय; तो उपसला नाही तर धक्क्यावरून ती पुन्हा चालायची नाही. साहेब म्हणाले, "दुसऱ्या कुणाला देऊ का हे काम?" मी म्हटलं, नको. मोठी शहाणी!

बाबांनी जेवताना दोनदा विचारलं, "कधी कळेल?"

११ फेब्रुवारी
सगळ्या मेल्या. गाळाच्या पाण्यातल्याही आणि तुलनेसाठी नदीच्या वरच्या अंगाहून आणलेल्या स्वच्छ पाण्यातल्याही! म्हणजे चाचणीच बाद. डोकं चालेना. मग आठवलं — ते पाणी भरायच्या बाटल्या गाळ येण्याच्या आदल्या दिवशी मी घरी आणल्या होत्या.

"मीच घासल्या," बाबा म्हणाले. "वास येत होता. चांगला दोन-तीनदा साबण लावला."

साबण! पिसवांना त्याचा अंशही पुरतो. मी हसत सुटले. ते मात्र चोरी पकडल्यासारखे उभे. "तुझं काम हलकं व्हावं म्हणून गं." इतकी माया दाटून आली. जवळ घेतलं तर म्हणे, "हात ओले आहेत माझे."

१२ फेब्रुवारी
नव्या बाटल्या, नवं पाणी. पुन्हा मांडलं. बाबा माझ्या पिशवीपासूनही चार हात लांब!

१३ फेब्रुवारी
पहिली मोजणी. स्वच्छ पाण्यातल्या मजेत. गाळाच्या पाण्यातल्या काही तळाशी पडून. एक हलली — की माझ्या काडीने पाणी हललं? मी तिला जिवंत धरलं. मग दुसरीलाही. तिसरीला हात थांबला. डोळ्यांपुढे पिसू नव्हतीच, बोट होती. स्वतःचीच लाज वाटली. आकडे खोडले, परत मोजल्या.

जेवताना बाबांना सगळं सांगून टाकलं. उद्याची भीती वाटते, हेही. त्यांनी स्वतःचं ताट उचललं, माझंही उचललं.

१४ फेब्रुवारी
शेवटची मोजणी आज दुपारी. सकाळी बाबा घरात नव्हते. आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल.

"बोट देऊन टाकली. खालच्या वळणावरच्या नावाड्याला. चौघांनी फळ्या टाकून काठावर ओढली नि नेली."

ते टॉवेल शोधत म्हणाले, "जा आता. नीट बघून मोज."