बर्फ पडू नये म्हणून

२ डिसेंबर

आज सगळ्या गावाने देवाकडे बर्फ मागितला. मी एकटीने नको म्हणून मागितलं.

डोंगर उघडायचा विधी होता. पुजाऱ्याने पांढऱ्या कागदाची झालर हलवली, उतारावर साके, तांदळाची दारू, शिंपडली, आम्ही ओळीने वाकलो. उतारावर अजून गवत दिसतंय, टकलावर उरलेल्या केसांसारखं. शेजारी साकुमा उभा होता, आमच्या बर्फशाळेचा मुख्य. त्याला स्नोबोर्डवर मीच उभं केलं होतं, एवढासा होता तेव्हा. आता चाळिशीला आला तरी देवापुढे डोळे गच्च मिटतो. कानात म्हणाला, "बाई, नीट मागा हं. तुमचं देव ऐकतो."

मी वाकले आणि म्हटलं – देवा, अजून थोडे दिवस थांब.

बर्फ पडला की डोंगर चढणारी खुर्च्यांची लिफ्ट सुरू. लिफ्ट सुरू झाली की शेजारी पोर. आणि पोराला धरायला माझा उजवा हात.

३ डिसेंबर

हाताचं इथेच लिहिते. दुसरीकडे बोलायची सोय नाही.

शरदात परसातले मुळे उपटताना पहिल्यांदा कळलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही बधिर. आता पंजाच माझा नाही. धरलेलं सुटतं – आणि सुटलं हे डोळ्यांनी बघावं लागतं. हात स्वतःहून सांगत नाही.

डॉक्टरकडे गेले नाही. तो ह्याला नाव देईल. नाव दिलं की पाहुणा घरचाच होऊन बसतो.

५ डिसेंबर

यंत्राने पाडलेल्या बर्फाची एक पट्टी तयार झालीय, पायथ्याशी. पोरांना सरकत्या पट्ट्यावर चढवायचं, वरून हळूच सोडायचं. इथे भीती नाही. पडलं तरी ढुंगणावर.

पाच जण आले. आधी फळीवर कुणाचा कुठला पाय पुढे ते ठरवायचं. त्याला साधी युक्ती – पोर बेसावध असताना पाठीवर हलकी थाप मारायची, जो पाय आपसूक पुढे पडतो तोच पुढचा. सगळी पोरं हसली. इबुकी मात्र गर्रकन वळली. "बाई, भांडायचंय का?" सहा वर्षांची आहे. आई पायथ्याच्या खानावळीत शेवया उकळते, त्यामुळे ही दिवसभर आमच्याच गळ्यात. भीती हा पदार्थ तिने चाखलेलाच नाही.

मग पडायला शिकवलं. मुठी मिटायच्या, कोपरावर पडायचं, म्हणजे मनगट मोडत नाही. मी मुठी करून दाखवल्या.

"बाई, तुमची एक मूठ उघडीच आहे."

"ती मुद्दाम ठेवलीय. चूक कशी दिसते ते कळायला नको?"

पोरांनी माना डोलावल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी झाकतच नाही, काय करू.

८ डिसेंबर

साकुमाला सांगायचं म्हणून गेले होते. जाताना वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं. तो रांगेत लावलेल्या स्नोबोर्डच्या फळ्यांच्या कडा घासत बसला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "शिकवायला ठेवलेलं ते नवं पोरगं शहरात पळालं, बाई. लहान मुलांना आता तुम्ही एकट्याच. तुम्ही आहात म्हणून मला झोप तरी लागते."

मी म्हटलं, "कडा बऱ्या झाल्यात." आणि परत आले.

सांगितलं असतं तर उद्यापासून मला तिकिटाच्या खिडकीत बसवलं असतं, मांडीवर घोंगडी घालून. खिडकीतून बर्फ बघायचा. तेइजी गेला त्या हिवाळ्यात ह्या पोरांनीच मला उभं ठेवलं. नवऱ्याच्या माघारी पोरांच्या मागे धावणं एवढंच मला जमलं. ते गेलं तर मग काय?

पण पोराचा जीव माझ्या हिवाळ्यापेक्षा स्वस्त आहे का? हेही लिहून ठेवते. लिहायला सोपं आहे.

९ डिसेंबर

बर्फ. पहाटेपासून. थांबायचं नाव नाही.

१० डिसेंबर

गाव खूश. ओसरीमागून ओसरी साफ होतेय. कुरोकावा लिफ्टच्या खुर्च्या झाडत होता. तेइजीचा दोस्त, पंचवीस हिवाळे त्याच लिफ्टवर. लांबून ओरडला, "वहिनी, तुमची प्रार्थना फळली बघा!"

मी हसले. दात तेवढे दिसले असतील.

आमची लिफ्ट जुनी. दोन माणसांची खुर्ची, पुढे आडवा दांडा नाही. गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही, सगळे तिच्यावरच मोठे झाले. पण पोराच्या एका पायाला फळी लटकत असते, आणि ती पाय खाली ओढते, भरलेल्या बादलीसारखी. पोराला बसवायचं उजव्या बाजूला, कारण लिफ्टवाला तिथे उभा असतो, तोच उचलून ठेवतो. म्हणजे शिकवणाऱ्याचा उजवा हात पोराच्या पाठीमागून. कायमची रीत.

घरी खुर्चीवर तांदळाचं छोटं पोतं ठेवलं. शेजारी बसले, हाताने धरलं, आणि मुद्दाम खिडकीकडे बघत राहिले. धप्प आवाज आला तेव्हा कळलं.

तांदूळ वेचत बसले होते. 

१२ डिसेंबर

आज लिफ्ट.

चार पोरं रांगेतल्या मोठ्या माणसांबरोबर बसवली, नेहमीसारखी – "एवढं लेकरू नेता का वर?" कुणी नाही म्हणत नाही. इबुकी कुणाबरोबर बसेना. "मी बाईंबरोबरच."

निम्म्या वाटेत लिफ्ट थांबली. वर कुणीतरी उतरताना आपटलं असणार. खुर्ची झुलायला लागली. खाली खोल घळ, बर्फ अजून पातळ, दगडांची डोकी वर. इबुकी एकदम पुढे झुकली. "बाई, रानबकरा! तो बघा, आपल्याकडेच बघतोय!"

माझा हात तिच्या कोटाच्या पाठीवर होता. होता ना? मी मान वळवून पाहिलं. बोटं उघडी पडली होती, वाळत घातलेल्या हातमोज्यासारखी.

सगळं अंग फिरवून डाव्या हाताने तिला आवळलं.

"बाई, दुखतंय."

"दुखू दे."

"बकरा गेला ना."

"जाऊ दे."

लिफ्ट पुन्हा सुरू झाली तरी हात सोडला नाही.  वर पोचल्यावर खोपटामागे जाऊन ओकले. मग तोंड बर्फाने पुसलं आणि पोरांना रांगेत उभं केलं.

१३ डिसेंबर

साकुमाकडे जायला हवं होतं. गेले कुरोकावाकडे.

"भाऊजी, पोरांना माझ्या डावीकडे बसवाल का? उजवा खांदा आखडलाय."

"म्हणजे मी फेरा मारून पलीकडे यायचं? माझा गुडघा बघितलात का?"

"बघितला. माझ्या खांद्यापेक्षा तरुण आहे."

"चला मग. तुमचा खांदा, माझा गुडघा. दोघांत मिळून एक धड माणूस होतंय का बघू."

आला पलीकडे. एक शब्द जास्त विचारला नाही. विचारलं असतं तर खोटं बोलले असते – तेही तयार होतं.

१४ डिसेंबर

पाच फेऱ्या. डावा हात लोखंडासारखा. कोटाची पाठ मुठीत धरते आणि वर जाईपर्यंत सोडत नाही. वाटेत बोलत नाही, गाणं म्हणत नाही. पोरं म्हणतात, बाई लिफ्टमध्ये रागावतात.

१५ डिसेंबर

इबुकीने पहिलं वळण घेतलं! दोन्ही हात पसरून, जीभ बाहेर काढून. खाली पोचली आणि वळून ओरडली, "बाई, आता भांडायचं का?" तिची आई झारा हातात घेऊन दारात उभी होती. तिने मला एवढं वाकून नमस्कार केला की मला नजर देता येईना.

दोन वर्षं अशीच निघतील असं वाटलं. डावा हात आहे तोवर.

१७ डिसेंबर

डाव्या पायाच्या बुटाची गाठ बसेना. दोनदा, तीनदा. मग पाहिलं – दोरी डाव्याही हातात नव्हती.

बाहेर उजाडत होतं, पोरं निघायला वेळ होता. साकुमाला फोन लावला. झोपेतच म्हणाला, "बोला बाई."

बोलले.