चौदा नंबरची पहिली फेरी

ता. ४ मार्च

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

फोनवर तू दोन मिनिटांत पळतेस, म्हणून पत्र. तुझ्या पेपरात माझं म्हणणं छापून आलं आणि तुझ्या वहिनीने कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं, तीस वर्षं नुसती बस चालवली तेच बरं होतं. निवृत्त झाल्यापासून हा माणूस साऱ्या जगाची गाडी हाकायला निघालाय.

पण तूच सांग, माझं काय चुकलं? जगात लढाया पेटल्यात, इंधन भडकलंय आणि आमची चौदा नंबर रिकामी पळतेय. हवेतलं बोलत नाही मी. दोन आठवडे खिडकीत बसून फेरीगणिक डोकी मोजली. कधी तीन, कधी चार, एकदा तर चालक आणि वाहक एवढेच. ज्या गाडीचं स्टिअरिंग माझ्या हातात होतं तिच्याबद्दल असं लिहिताना जीव तुटला, पण खरं ते खरं. ‘एक जाणकार वाचक’ ही सही तूच घातलीस ना? आवडली.

पेपर आता पैसे भरल्याशिवाय उघडत नाही म्हणून कॉलनीत कुरकुर चालू आहे. मी सुनावलं, बातमीदाराला पोट नसतं का? फुकट हवं असेल तर अफवा आहेतच. तुझ्या ऑफिसच्या पासवर्डवर वाचणाऱ्याने हे बोलू नये, असं वहिनीचं मत. तिकडे लक्ष देऊ नकोस.

तब्येतीला जप. पत्राला उशीर झाला तरी चालेल, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
दादा

ता. ११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अभिनंदन! परिवहन खात्याने एक तारखेपासून चौदा नंबर बंद करायची नोटीस काढली आहे आणि तीत चक्क तुझ्या पत्राचा हवाला आहे. वाचकांच्या पत्रांचं पान मी आठ वर्षं लावतेय, पण एखाद्या पत्राने खातं हललेलं पहिल्यांदाच पाहिलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. भाऊ आहे हे मी सांगितलं नाही, उगाच वशिल्याचा संशय नको.

आता जाणकारांनी जरा खिडकीतून उठून वहिनीला कामात मदत करावी, ही विनंती. हरकती ऐकायला पंचवीस तारखेला खात्याच्या कार्यालयात सुनावणी आहे, पण रिकाम्या गाडीसाठी कोण येणार भांडायला?

तुम्हा दोघांना नमस्कार. रागावलास तरी विसरू नकोस.
तुझी,
छकुली

ता. १५ मार्च

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

मोठा घोटाळा झाला आहे. काल समोरच्या चाळीतल्या मावशी आल्या. इस्पितळात वॉर्डाची साफसफाई करतात, सहाच्या ठोक्याला हजेरी. पहिली गाडी पावणेपाचला निघते, त्या तिनेच जातात. गाडी बंद झाली तर नोकरी गेली, दुसरी सोय नाही. तुम्ही पेपरात लिहिणारे, तेव्हा आमच्यासाठी एक अर्ज लिहून द्या, असं म्हणाल्या. गाडी रिकामी जाते असं कोणीतरी छापलंय, ते पत्र त्यांनी मोबाइलवर उघडून पाहिलं. दोन ओळी दिसल्या आणि पुढे वर्गणी भरा म्हणून पाटी.

मी अर्ज लिहून दिला. ‘कोणीतरी’ म्हणजे मीच, हे काही तोंडातून निघालं नाही.

आज पहाटे उठून पहिल्या गाडीने गेलो. छकुले, उभं राहायला जागा नव्हती! झाडूवाल्या, आया, मंडईतले हमाल. मी मोजायला बसायचो ते दहा वाजता. तीस वर्षं साडेतीनला उठलो, पहाटे दुसऱ्या मार्गावर आणि दुपारी चौदा नंबरवर, म्हणून आता सूर्य डोक्यावर आल्याशिवाय अंथरूण सोडायचं नाही असं ठरवलेलं. ज्या फेऱ्या मी झोपेत घालवल्या त्या मी रिकाम्या धरल्या की काय?

पण नाही, मला आठवतंय, पहाटेच्या फेऱ्या मी पाहिलेल्या नाहीत, असं एक वाक्य मी पत्रात लिहिलं होतं. छापलेल्यात ते नाही. कुठे गेलं?
दादा

ता. १९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ते वाक्य मी कापलं. पानावर जागा दोन ओळींनी कमी पडत होती आणि मला वाटलं, या वाक्याने तुझ्या पत्राची धार जाते. भावाचं पत्र ठसठशीत दिसावं म्हणून कापलं, दादा.

साहेबांकडे गेले. खुलासा छापला, पूर्ण वाक्यासकट. पण तोही वर्गणीच्या कुलपातच. हे एवढं तरी सगळ्यांसाठी उघडं ठेवा म्हणून विनवलं, तर म्हणाले, लोक पत्रं वाचायलाच तर पैसे भरतात. म्हणजे मावशींना दिसणार नाही, आणि खातं म्हणतंय, छापील खुलाशावर नोटीस मागे घेत नाही, लिहिणाऱ्याने समोर यावं.

जायचं की नाही ते तू ठरव. कॉलनीत राहायचं तुला आहे. तू गेलास तर मीही रजा काढून येते.
तुझी अपराधी,
छकुली

ता. २७ मार्च

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

तू शेजारी बसली होतीस म्हणून उभा राहू शकलो. नाहीतर ‘तो जाणकार मीच’ एवढे तीन शब्द बोलायला मला अख्खी सुनावणी पुरली नसती. मागून कोणीतरी शिवी हासडली ती तूही ऐकलीस. त्यांचं काही चुकलं नाही.

तू गाडी पकडायला धावलीस, त्यानंतरचं सांगतो. निकाल लागला. दुपारच्या फेऱ्या बंद, पहाटेच्या तीन राहणार. त्या तीन माझ्या कबुलीमुळे राहिल्या, असं अधिकारी म्हणाला. मला आनंदही झाला नाही. परत येताना बसमध्ये मावशी पुढच्या बाकावर होत्या. वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी वहिनीने बजावलं, की आता तोंड लपवून बसू नका. गेलो चाळीत. दारातच हात जोडले आणि सांगितलं, की अर्ज लिहून देताना मी तुम्हाला फसवलं.

मावशी भांडी घासत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, की तुम्ही अर्ज लिहिलात त्याच्या आदल्या दिवशीच मला सगळं कळलं होतं, तुमच्या बायकोनेच येऊन सांगितलं होतं. मी विचारलं, मग माझ्याकडेच अर्ज मागायला का आलात? तर म्हणाल्या, ड्रायव्हरसाहेब, मी रोज त्या गाडीत असते हे माझ्या तोंडून कोणी ऐकलं नसतं. तुमच्या तोंडून ऐकलं.

वहिनीला घरी येऊन विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस, तर म्हणाली, तुम्ही ऐकता कुठे, तुम्हाला मतं असतात.

ये लवकर. आपल्या दोघांनाही ऐकायची सवय करायची आहे.
तुझा,
दादा