जिथं तू कुरडया घालायचीस ती वाट

आई, आपल्या क्वार्टर्सच्या मागचे रूळ आता नाहीत. गोदीकडून गोदामांकडे जाणारी ती मालगाडी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. मधली बरीच वर्षं तिथं नुसतं रान आणि कचरा होता, कोलकात्याच्या या बेहाला भागातले लोक नाक धरून पलीकडे जायचे. आता त्या सगळ्या पट्ट्यावर फरशा बसवून फिरायची वाट केली आहे. दोन्ही बाजूंना कठडा, मधूनमधून बाकं, बकुळीची आणि कदंबाची झाडं. मी निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी तिथं दोन फेऱ्या मारते. फिरणाऱ्यांचा एक गट आहे, त्यात बहुतेक माझ्याच वयाचे बंगाली लोक. माझं इंग्रजी बरं म्हणून त्यांनी मला सेक्रेटरी केलं. सॉल्ट लेकच्या ऑफिसात तीस वर्षं पत्रंच लिहीत होते, इथंही तेच काम आलं.

तू जिथं बसायचीस ती जागा मला नक्की ओळखता येत नाही. आपलं क्वार्टर पाडून तिथं सहा मजली इमारत झाली. पण पाण्याच्या टाकीवरून अंदाज बांधते, टाकी अजून आहे. अमरावतीहून बाबांची बदली झाली तेव्हा तुला त्या तळमजल्याच्या घराबद्दल एकच तक्रार होती, की ऊन येत नाही. गच्चीला कुलूप, किल्ली वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडे. पहिल्या वर्षी तू कुरडया घातल्याच नाहीस. दुसऱ्या वर्षी थंडी ओसरायला लागली तसे तू गहू भिजत घातलेस, तीन दिवस रोज पाणी बदललंस, आणि चौथ्या दिवशी चिकाचं पातेलं, सोऱ्या आणि बाबांची दोन जुनी धोतरं घेऊन मागच्या दारानं थेट रुळांवर गेलीस. रुळांपलीकडे राहणाऱ्या बंगाली मासिमा, म्हणजे मावशी, तिथं आधीपासूनच डाळीच्या बोड्या वाळत घालत होत्या, आपल्या सांडग्यांसारख्या. त्यांनी तुझी कुरडई बोटानं हलकेच दाबून विचारलं, "एटा की गो?" म्हणजे हे काय गं. तू म्हणालीस, "कुरडई." त्या म्हणाल्या, "कुरोदोई." तुमची मैत्री एवढ्यावर झाली. तुला बंगाली येत नव्हतं, त्यांना हिंदी येत नव्हतं, आणि दोघी तासन् तास बोलायच्या.

सरस्वती पूजेच्या सुट्टीचा एक दिवस आठवतो, मी घरी आहे. माझ्या वर्गातल्या दोन मुली आल्या आहेत, पिवळ्या साड्या नेसून, आणि आम्ही मागच्या खिडकीत उभ्या आहोत. गाडी एरवी साडेबाराला यायची. एक इंजिन, सात-आठ डबे, माणसाच्या चालीनं चालणारी, आणि पुढं निशाण घेतलेला एक माणूस. त्या दिवशी ती साडेदहालाच आली. निशाणवाला ओरडला, "माताजी, गाड़ी है." तू उठलीस, हात चिकानं भरलेले, आणि रुळांच्या मधोमध उभी राहून म्हणालीस, "मालूम है. पाँच मिनट रुको. अभी ओला है, उठाया तो तुटेगा." 'ओला' म्हणजे काय ते त्याला कळलं नसणार, पण तू हलणार नाहीस एवढं कळलं. त्यानं लाल निशाण दाखवलं. गाडी थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, आता तो भांडणार असं मला वाटलं, तर त्यानं बिडी पेटवली आणि मासिमांना विचारलं की हे आहे तरी काय. तुम्ही दोघींनी धोतरं कडेला सरकवलीत तोवर पाच नाही, पंधरा मिनिटं झाली. जाताना तू त्याला वाटीभर गरम चीक दिलास, वर तेल घालून. त्यानं तो इंजिनाच्या पायरीवर उभ्यानं खाल्ला. माझ्या मैत्रिणी हसून हसून खिडकीच्या गजाला लोंबकळत होत्या.

बाबांना रात्री जेवताना कळलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "आवडला का त्याला?" ते मजेत होते. तुला कुणी बोललं नाही, बोलले ती मी. तू मोरीत सोऱ्या घासत होतीस. मी मागं उभी राहून म्हटलं, "बाबा ऑफिसर आहेत. एस्प्लनेडला त्यांना केबिन आहे. आणि तू रस्त्यावरच्या बायकांसारखी रुळांवर बसतेस. मला शाळेत तोंड दाखवायची लाज वाटेल." तू सोऱ्याची ताटली नळाखाली धरून ठेवलीस, पाणी वाहत राहिलं. मग विचारलंस, "कुठं घालू मग?" मी बारा वर्षांची होते. मी म्हटलं, "घालूच नको."

पुढच्या वर्षी मावशीनं अमरावतीहून कुरडयांचा डबा पाठवला. मासिमा मागच्या दाराशी येऊन विचारून गेल्या, यंदा नाही का करणार. तू त्यांना म्हणालीस, "हाथ दुखता है." त्यानंतर तू कोलकात्यात कुरडया घातल्याचं मला आठवत नाही. तू मला त्यावरून कधी एक शब्द बोलली नाहीस, त्यामुळे माझी अशी समजूत झाली की तू विसरलीस.

आता ऐक. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटात तक्रार आली की लोक वाटेवर गोधड्या, तांदूळ, बोड्या वाळत घालतात. एकाची नात सायकलवरून घसरली होती, तक्रार खोटी नव्हती. पालिकेला अर्ज मी लिहिला. चांगला लिहिला, पंधरा दिवसांत पाटी लागली: इथं काहीही वाळत घालू नये. बंगाली, हिंदी, इंग्रजी. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू. मग जानेवारीत एका सकाळी टाकीजवळ पहारेकरी एका म्हाताऱ्या बाईला उठवत होता. बाकावर तिनं पांढरं फडकं पसरलं होतं, त्यावर बोड्यांच्या ओळी. तो बिचारा चढ्या आवाजात बोलतही नव्हता. "पाटी लागलीय, मासिमा," एवढंच म्हणत होता. ती म्हणाली, "ताहोले कोथाय देबो?" मग कुठं घालू?

मी थांबले नाही. मला थांबायला हवं होतं हे मला दुसऱ्या फेरीत कळलं, आणि तोवर बाक रिकामं होतं, चारदोन तुटलेल्या बोड्या तेवढ्या फटीत अडकलेल्या.

रविवारच्या बैठकीत मी म्हटलं, पाटी बदलू या, दुपारी कुणी फिरत नाही, तेवढा वेळ द्या. अध्यक्ष निवृत्त डॉक्टर आहेत, सभ्य माणूस. ते म्हणाले, "अर्ज तर आपणच लिहिला होता." मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली, गाडी थांबवल्याची. सगळे खूप हसले, त्यांना तू फार आवडलीस. मग हात वर झाले आणि पाटी राहिली. मी मोरीतलं बोलणं सांगितलं असतं तर काही फरक पडला असता का, माहीत नाही. मी ते सांगितलं नाही. सेक्रेटरीपद मात्र सोडलं.

त्यानंतर आठवड्याभरानं पहारेकऱ्यानं मला थांबवलं. "दीदी, मैं बारह बजे खाना खाने जाता हूँ," तो म्हणाला. "तीन बजे लौटता हूँ. उनको बोल दिया है." आणि तो पुढं चालू लागला. तीन तासांचं ऊन. बोड्यांना पुरतं, कुरडयांना दोन दिवस लागतील. परवा दुपारी मी गेले होते. त्या बाईशेजारी आणखी दोघी होत्या. मी कोण ते त्यांना ठाऊक नाही. मी बाकाच्या टोकाला बसले आणि त्यांनी मला कावळे हाकायला सांगितलं. ते मी केलं.

तुला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा हे पत्र पोस्टात टाकायचं नाही हे मला कळतं. लिहिताना हात अडखळतोय, ऱ्हस्व-दीर्घ चुकतंय. हॉस्टेलवर असताना मी दर रविवारी घरी पत्र लिहायचे. ते बाबांना असायचं, इंग्रजीत, आणि बाबा तुला ते मराठीत वाचून दाखवायचे. तू एकदा मला विचारलंस, "सगळं सांगतात ना गं, की मधलं गाळतात?" मी म्हटलं, सगळं सांगतात. तुला वेगळं लिहावं हे तेव्हाही माझ्या मनात आलं नाही. तुझ्या नावानं मी लिहिलेलं हे पहिलंच पत्र आहे.