पूर्वेकडचं जांभळं धुकं

४ सप्टें.
इथे स्लायगो गावात आज अजब सकाळ. हॉस्पिटलमधून ड्युटी संपवून आले, तर तळ्यावरचं धुकं चक्क जांभळं. शेजारच्या लिन आजी फाटकात उभ्या, डोळे पूर्वेला. त्यांची मुलगी मेई म्हणाली, चीनमध्ये असं धुकं पूर्वेकडून आलं की कुणी थोर माणूस येणार समजतात. जुन्या गोष्टीत तिथल्या एका खिंडीतल्या वेशीच्या राखणदाराला ते दिसलं, त्यानं रस्ता झाडून ठेवला, आणि बैलावर बसून एक म्हातारा ज्ञानी आला म्हणे.
हसूच आलं. पूर्वेकडून परवा येणार ती आई. मिरजेहून. शॉनशी लग्न केलं तेव्हापासून धड बोललेली नाही. तरी येतेय...

५ सप्टें.
शॉनला गोष्ट सांगितली, गंमत म्हणून. त्यानं खरंच दारापासून फाटकापर्यंत झाडून काढलं. "ग्रँड. फक्त बैलाऐवजी डब्लिनची बस." मग दिवसभर "नमस्कार आई" घोकत होता. घाबरलाय.

६ सप्टें.
आई आली. थकलीये, केस किती पांढरे. शॉनच्या नमस्काराला नुसती मान हलवली. जेवताना मला म्हणाली, "त्याला भाजी हवी का विचार." तो समोरच बसलेला.

९ सप्टें.
पुन्हा धुकं, फिकट जांभळं. लिन आजींनी कुंपणापलीकडून आधी धुक्याकडे बोट केलं, मग आईकडे, आणि चक्क वाकल्या.
"काय म्हणतायत गं त्या?"
सांगितलं. तू येणार म्हणून आलं होतं ते.
आई धुक्याकडे बघत म्हणाली, "मी कसली थोर? पोटच्या पोरीच्या लग्नाला आले नाही."
इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं लग्नाचा विषय काढला. धुकं पायांशी आलेलं, गवत दिसेनासं झालं.

१२ सप्टें.
अर्धवट झोपेत आल्याचा वास. खाली आले तर आई चहा करत होती. बाहेर सगळं पांढरं, तळं नाही, डोंगर नाही. दोन कप भरले. थांबली. मग तिसरा काढला.
शॉन वर, आंघोळीला. मी हाक मारायला वळले तर म्हणाली, "राहू दे. मी बोलावते."
जिन्याशी गेली. त्याचं नाव आजवर एकदाही घेतलेलं नाही तिनं.
मी टेबलाशी बसून हे लिहितेय. ती कठडा धरून अजून उभीच आहे, वर बघत.