पलटणीतल्या बूट शिवणाऱ्याची बढती

पार्सिपनी, न्यू जर्सी
१४ ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप राजारामकाकांस,
चंद्रशेखरचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा दमा आणि काकूंचे गुडघे थंडीच्या आधी समजुतीने वागत असतील अशी आशा आहे. इकडे सर्व खुशाल. म्हणजे तुमची सून वीणा खुशाल आहे, मी अडकलो आहे.

शेजारच्या एल्साबाई श्रोडर (नवरा गेल्यापासून एकट्याच असतात) आपल्या आजोबांचं जर्मन सैन्यातलं सेवापुस्तक घेऊन आल्या. मला जर्मन येतं हे वीणाने कुंपणावरून जाहीर केलं होतं. (पुण्यात त्या वर्गाला मला तुम्ही घातलंत, तेव्हा निम्मा दोष तुमचा.) पण छापील जर्मन वेगळं आणि हे जुनं हस्ताक्षर वेगळं, ही त्यांची मोडीच. भिंग घेऊन अक्षरं लावली तेव्हा कळलं, की आजोबा पलटणीत बूट शिवत होते. लढाई नाही, शिक्षा नाही, वर्तन चांगलं.

पण बाई दर खेपेला सफरचंदाचा गरम केक आणत. खाल्ल्या केकला जागून मी आजोबांना आधी पादत्राण विभागाचे प्रमुख केलं, मग अधिकारी, आणि केकमध्ये दालचिनी सढळ पडली त्या रविवारी थेट कॅप्टन. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. आता बाई म्हणतात, थडग्यावर 'कॅप्टन' कोरलेली पितळी पाटी लावायची, आणि त्या दिवशी जर्मनीहून हे अक्षर वाचणारा चुलतभाऊ येणार. चारचौघांत त्यांची मान खाली जाईल या विचाराने मला केकसुद्धा गोड लागत नाही.

तुम्हालाच विचारायचं कारण असं, की तुमच्या कांचनचं लग्न ठरवताना, पोह्यांच्या दुसऱ्या बशीला, आपण सगळ्यांनी मिळून तुम्हाला मिलिटरी डेपोतल्या हेडक्लार्कचे मेजर केलं होतं. पुढे व्याह्यांसमोर तुम्ही खाली कसे उतरलात, ते उलट टपाली कळवावं.

तुमचा,
चंदू

ता. क. पाकीट चिकटवतानाच एल्साबाई आल्या. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आय नो, हनी. माझे शाळेचे बूट तेच शिवायचे." पाटी आणि चुलतभाऊ त्यांनी मी कबूल करावं म्हणून रचले होते. आधी का थांबवलं नाहीत विचारलं, तर म्हणाल्या, इतक्या वर्षांनी कुणीतरी आजोबांबद्दल बोलत होतं, बरं वाटत होतं. पाटी आता खरंच होणार आहे, आणि तीवर 'बूट शिवणारा' असंच येणार आहे.

ता. क. दुसरा. तेव्हा खाली उतरण्याची कृती नको. त्यांच्यासाठी कोल्हापुरी चपलांचा एक जोड तेवढा पाठवा, त्यांना आपल्याकडची शिलाई बघायची आहे. सोबत चार ओळी लिहा. सही मात्र 'मेजर' अशीच करा. केकच्या पहिल्याच तुकड्याला मी तसं सांगून बसलो आहे.