पोळ्यानंतर परत आलेल्या झुली

प्रिय भाई,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. मनात अजून धुसफूस चालूच आहे. तू जाऊन दहा महिने झाले, तरी तुझ्याशी भांडायचं राहिलंय, आणि आज मी भांडायलाच बसलोय.

पोळा महिन्यावर आलाय. ज्या मोठ्या ॲपवर तू आपलं बैलांच्या साजाचं दुकान चढवलंस, त्यांचा मेसेज आलाय. नव्या हंगामाच्या अटी शुक्रवारपर्यंत मान्य करा, नाहीतर खातं बंद. मी म्हणालो, होऊ दे बंद. भाभी तुझ्याबद्दल म्हणाल्या, "त्येंनी ठरवलेलं हाय. मोडणारं तुमी कोण?" मोबाईल माझ्या पुढ्यात आपटला आणि शिलाई मशिनवर जाऊन बसल्या. तू गेल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

आठवतंय का, ऑनलाइन विकायचं तर कुठं, हे ठरवायला तू कसा बसला होतास? चष्मा नाकावर, वहीत तीन रकाने. एक ते मोठं ॲप, एक त्याहून लहान, आणि तिसरी मी सांगत होतो ती आपली स्वतःची वेबसाइट. मोठ्या ॲपवर गिऱ्हाईक भरपूर, पण अट अशी की न आवडलेला माल सात दिवसांत परत घ्यायचा. मी डोकं आपटून सांगितलं, "भाई, पोळा एक दिवसाचा असतो! सात दिवस कशाला देतोस?"

तू हसलास. "अरं, बैलाच्या अंगावर चढलेली झूल कुणी उतरवून परत देतं व्हय? जिवाला लागतं शेतकऱ्याच्या."

अब्बांच्या काळापासून बारामतीतल्या आपल्या दुकानात एकही झूल परत आली नव्हती, हे खरंच. लासुर्ण्याच्या एका आबांना घुंगरमाळ लहान पडली, तर त्यांनी ती वासराला ठेवली आणि बैलाला दुसरी नेली. पण ते तुझ्या तोंडाकडं बघून घेत होते ना! ॲपवर तुझं तोंड कुणाला दिसणार होतं?

पोळा झाला आणि पार्सलं माघारी यायला लागली. झुलींवर शिंगांना लावलेल्या हुरमुंजाचे लाल डाग, एकीला पुरण चिकटलेलं, घुंगरमाळेत पांढरे केस. आणि परत करायचं कारण काय, तर 'रंग आवडला नाही'! कुणाला आवडला नाही रे, बैलाला?

तू कंपनीला चार शब्द सुनावलेस का? नाव नको. झूल नाकाला लावलीस, माळेतले पांढरे केस चिमटीत धरलेस आणि म्हणालास, "खिलार बैल दिसतोय. झ्याक सजवला असंल रं." भाभी तीन महिने मान मोडून त्या झुली शिवत होत्या, आणि तुला कौतुक परक्याच्या बैलाचं!

माझा तोल गेला. ती घुंगरमाळ मी तुझ्या अंगावर भिरकावली. "तूच घाल गळ्यात अन् फिर गावभर!" कन्हेरीची दोन गिऱ्हाइकं दुकानात उभी होती, त्यांच्यादेखत. तू माळ उचललीस, पुसलीस, खिळ्याला अडकवलीस. अरे, एखादी शिवी तरी हासडायचीस! थोरला होतास ना? पंधरा दिवस आपण बोललो नाही, आणि सोळाव्या दिवशी तू छातीला हात लावून स्टुलावरून खाली आलास. भांडण मिटवायची ही काय पद्धत झाली?

काल भाभींशी पुन्हा जुंपली. "त्याचं चुकलं होतं, एकदा कबूल करा," मी ओरडलो. मशिन थांबली.

"मला काय कळत न्हाय? चुकलंच हुतं त्येंचं. तुमचं बरोबर हुतं, म्हणून तर तुमचा राग येतो." मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "त्येंनाबी कळलं हुतं. जेवताना मला म्हणले, रफिकचं बरोबर हाय. मी म्हणलं, मग जावा की, सांगा त्याला. तर म्हणले, सांगीन की, कुठं पळून चाललाय त्यो!"

मी कुठं पळून चाललो होतो? पळालास तूच! बायकोला सांगितलंस आणि भिंतीपलीकडं बसलेल्या भावाला नाही? ते ऐकायला मी पंधरा दिवस कान देऊन बसलो होतो, भाई. दहा महिने मला वाटतंय की तू माझ्यावर चिडून गेलास. फार वाईट वागलास तू.

शुक्रवारी ते खातं बंद करतोय. भाभींनीही मान हलवलीय. आता आपली वेबसाइट. तिच्यावर दुकानाचा फोन राहील, बैलाचं माप विचारल्याशिवाय माल निघणार नाही, आणि विकलेला परत घेतला जाणार नाही. भाभींची झूल आता कुणी एका दिवसापुरती फुकट वापरणार नाही, हे वचन.

आणखी एक वचन. कधीतरी भेटशीलच. तेव्हा त्या दिवसाची माफी मागीन, सगळ्यांदेखत, हात जोडून. पण त्याआधी तू माझ्या तोंडावर म्हणायचंस की रफिक, तुझं बरोबर होतं. आधी तू.

तुझा धाकटा,
रफिक